तिरकी घे, तिरकी घे

भाच्याच्या गाडीतून कुठे जायचं म्हणजे वाटेत दोनदा तरी उतरावं लागायचं. एकदा घराजवळच्या स्पीडब्रेकरला आणि एकदा जिथे जायचं तिथल्या. मी, माझी धाकटी बहीण आणि सत्तरी ओलांडलेली आमची आत्या, अशा तिघी लग्नाच्या साड्या सावरत भर रस्त्यात उभ्या आणि गाडीत हा एकटा. आत्या मागून ओरडायची, "तिरकी घे रे, तिरकी घे!" मग गाडी आधी डावं चाक चढवायची, नंतर उजवं, आणि पोटाखालून एक लांब खर्रर्र यायचं. खोबरं संपून विळीचे दाते करवंटीला लागले की येतं ना, तसं. पलीकडे गेल्यावर तो खाली उतरून, गुडघे टेकून गाडीच्या पोटाखाली डोकवायचा. मागे तीन बायका रिक्षांच्या हॉर्नमध्ये उभ्या आहेत, हे त्याच्या गावीही नसायचं.

गाडी २००३ सालची होंडा सिटी, चार हात फिरून त्याच्याकडे आलेली. पोरगं नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. साठवलेल्या पैशांचं काय करावं यावर घरातल्या प्रत्येकाने मत दिलं. कुणी फंड म्हणालं, कुणी सोनं, तर कुणी डोंबिवलीच्या पुढे कुठेतरी वन रूम किचनचं बुकिंग. तो सगळ्यांना हो हो म्हणाला आणि ही गाडी घेऊन आला. तिच्या व्हीटेक इंजिनाबद्दल तो ज्या सुरात बोलतो, त्या सुरात आमचे आजोबा फक्त पांडुरंगाबद्दल बोलायचे.

मग गाडीचा संसार सुरू झाला. आधी स्प्रिंगा कापून ती खाली बसवली. रुंद अलॉय चाकं आली. मग कॅम्बर मारला, म्हणजे चाकं वरून आत आणि खालून बाहेर. नुकतं जन्मलेलं वासरू पहिल्यांदा उभं राहतं तेव्हा त्याचे पाय जसे फाकलेले असतात, अगदी तशी ती गाडी आमच्या गल्लीत उभी असायची. "याला स्टान्स म्हणतात मावशी," त्याने मला समजावलं. मला वाटलं होतं, याला मुडदूस म्हणतात.

आता माझी अडचण सांगते. मी बावीस वर्षं एका विमा कंपनीच्या मोटार क्लेम विभागात आहे. गाड्या माझ्याकडे कागदांतूनच येतात. आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, सर्व्हेअरचा रिपोर्ट, पंचनामा आणि आठ-दहा फोटो. फोटोत काचा फुटलेल्या असतात, बंपर लोंबत असतो, पण माझी नजर भलतीकडेच जाते. हे टायर या मॉडेलला येतात का? हा बंपर कंपनीचा आहे का? या गाडीची उंची बरोबर आहे का? एखाद्या डॉक्टरीणबाईला लग्नाच्या पंगतीतही लोकांच्या पायांची सूज दिसावी, तसं माझं झालंय. सख्ख्या भाच्याची गाडी बघून मला कौतुक वाटायला हवं होतं. मला तिची फाइल दिसली.

"मावशी, खरं सांग, हे लीगल आहे का?" असं त्याने एकदाच विचारलं. अर्थात चलान आल्यावर.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मी त्याला चहा करता करता सांगितलं. उत्पादकाने गाडी जशी बनवली आणि आरसीत तिची जी नोंद आहे, तिच्याशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सोप्या भाषेत, गाडीने आरसीसारखं राहायचं. बदल म्हणजे काय, तर रचनेतला असा फेरफार, ज्याने गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. आता मूळ वैशिष्ट्य कशाला म्हणायचं यावर वकिलांचं पोट भरतं, ते सोडा. केरळमधून गेलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाही आणि राज्याचे नियम कायद्याच्या वर जाऊ शकत नाहीत. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२अ आलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा बदलागणिक ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

"बदलागणिक म्हणजे?" त्याने विचारलं.

मी विजेच्या बिलाच्या मागे मांडून दाखवलं. उंची, कॅम्बर, टायर, सायलेन्सर. चार पंचे वीस हजार. तो बराच वेळ त्या बिलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "रॅप धरला नाहीस." रॅप म्हणजे गाडीच्या रंगावर चिकटवलेली रंगीत फिल्म. रंग आरसीत लिहिलेला असतो, बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते, हे खरं. पण त्याच्या सुरात भीती नव्हती. आपल्या कामाचा एक नग मोजायचा राहिला, याचं वाईट वाटलं असावं.

कायद्याला बदलाचा एवढा राग का, हा त्याचा पुढचा प्रश्न होता. पुण्यात कोथरूडच्या वर, वेताळ टेकडीवर एआरएआय नावाची संस्था आहे. नवं मॉडेल बाजारात यायच्या आधी ते अशा संस्थांमधल्या चाचण्यांतून जातं. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, सगळं तपासलं जातं आणि मग त्या एका रूपाला मंजुरी मिळते. पुढे तशाच हजारो गाड्या निघतात आणि आपण बिनधास्त त्यांच्या शेजारून चालतो. स्प्रिंग कापलेल्या क्षणी ती गाडी त्या मंजुरीतून बाहेर पडते. ती वाईट झाली असेल असं नाही, पण आता ती कुणी तपासलेली नाही. मोठ्या व्यासाचे टायर घातले की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, कारण त्याचा हिशोब जुन्या चाकाच्या घेराचा. एरवी टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो. चाक तिरकं केलं की तेवढाही टेकत नाही. भाच्याचे टायर आतल्या कडेला चार महिन्यांत तारेपर्यंत झिजले होते, बाहेरून मात्र नव्यासारखे. मी बोट फिरवून बघितलं तर तार टोचली. तो म्हणाला, "इनर वेअर आहे, नॉर्मल आहे." अशा टायरवर पावसाळ्यात लालबागच्या पुलाचा उतार उतरणाऱ्या माणसाचा क्लेम मी काय म्हणून पास करू?

बोलणं सायलेन्सरवर आलं की तो मोबाइल काढतो. जगभरचे मित्र त्यात. जपानमधल्या गाड्यांपुढे याची चाकं म्हणजे सात्त्विक. तिथे या तिरकेपणाला 'ओनीक्यान' म्हणतात. ओनी म्हणजे राक्षस आणि क्यान हा कॅम्बर शब्दाचा तुकडा. तिथल्या जुन्या टोळ्यांच्या गाड्यांना 'ताकेयारी', म्हणजे बांबूच्या भाल्यासारखे आकाशात गेलेले सायलेन्सर असतात. पण त्याच जपानात 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी आहे, नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी. गाडीचं पोट जमिनीपासून किमान ९ सेंटीमीटर वर हवं, असा नियम आहे. आपल्याकडे मानकाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच असतो. म्हणजे जपानात पास झालेली गाडीसुद्धा इथे पोट घासणार. त्यात मुंबईतल्या स्पीडब्रेकरांची या १० सेंटीमीटरशी कुणी ओळखच करून दिलेली नाही.

अमेरिकेत उलटाच प्रकार. तिथे एका फॅशनमध्ये गाडीचं नाक वर आणि मागचा भाग खाली. कॅरोलायना स्क्वॉट म्हणतात. चक्क उकिडवी बसलेली गाडी. ड्रायव्हरला समोर आभाळ दिसतं आणि बंपरपुढचं लहान मूल दिसत नाही. नॉर्थ कॅरोलायनाने १ डिसेंबर २०२१ पासून नियमच केला की पुढचं मडगार्ड मागच्यापेक्षा ४ इंच किंवा जास्त उंच असेल तर गाडी बेकायदा. कायद्याच्या पुस्तकात इतका पट्टी लावून मोजता येणारा नियम वाचला की माझ्या विभागातल्या माणसाला बरं वाटतं.

मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र लॉस एंजेलिसकडची. मेक्सिकन वंशाची तिथली मुलं गाड्या खाली बसवून संध्याकाळी हळूहळू फिरवायची. १९५८मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. रॉन अगिरे नावाच्या तरुणाने १९५९मध्ये विमानातले हायड्रॉलिक पंप आणून आपल्या कॉर्व्हेटला बसवले. बटण दाबलं की गाडी वर, बटण दाबलं की खाली. पोलीस आले की सज्जन. त्यातूनच पुढे त्या उड्या मारणाऱ्या लोरायडर गाड्यांची परंपरा निघाली आणि आता ते फिरण्यावरचे, गाडी खाली बसवण्यावरचे निर्बंध कॅलिफोर्नियाने २०२४पासून उठवले आहेत. बंदी घातली म्हणून कला जन्माला आली, असं भाचा म्हणतो. त्याच्या सायलेन्सरमध्ये एक झडप बसवलेली आहे. किल्लीला लहानसा रिमोट. नाका आला की टक्, गाडी कुजबुजते. नाका गेला की टक्. परंपरा लालबागपर्यंत पोचली म्हणायची.

पण मी त्याला हसते तेव्हा मला आमची टॅक्सी आठवते आणि हसू अर्ध्यावर राहतं.

माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांनी आयुष्यभर काळी-पिवळी पद्मिनी चालवली. स्टिअरिंगजवळच गिअरची दांडी, बॉनेटच्या डाव्या अंगाला बाहेर बसवलेलं मीटर. भाडं बसलं की काचेतून हात काढून त्याचा झेंडा खाडकन खाली पाडायचे. आतमध्ये त्यांचं राज्य होतं. सीटवर लाल रेक्झिन, छताला आतून निळ्या फुलांचं प्लास्टिकचं कापड, डॅशबोर्डवर लालबागच्या राजाचा फोटो आणि त्याला रोज परळ नाक्यावरची झेंडूची वेणी. दर गणपतीला ते कापड बदलायचं, पडदे घरी बदलोत न बदलोत. आई म्हणायची, आधी घराला रंग काढा. दादा म्हणायचे, घर कोण बघतंय?

या टॅक्सीचं पोट दोनदा बदललं. पेट्रोलचं इंजिन गेलं, डिझेलचं आलं. ते सुरू झालं की आमच्या चाळीच्या तळमजल्यावरची भांडी वाजायची. मग हवेच्या प्रदूषणावरून न्यायालयाने जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे ढकललं आणि डिझेल जाऊन सीएनजी आला. डिकीत सिलिंडर बसला, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या बॅगा वर कॅरिअरवर, दोरीने आवळलेल्या. पावसाळ्यात वरून ताडपत्री. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, तिची पत्र्याची पट्टी. दादांच्या टॅक्सीत कंपनीचं म्हणून जे उरलं होतं ते पत्रा आणि नाव.

आणि तरी ती पूर्ण कायदेशीर होती, कारण प्रत्येक बदल आरसी बुकात होता. तेव्हा आरसी म्हणजे खरंच बुक असायचं, कापडी पाठीचं. डिझेलची नोंद, सीएनजीची नोंद, दोन्हींवर जांभळे शिक्के, साहेबाची तिरपी सही. दादा ते बुक प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत ठेवायचे. एकदा चाळीत कुणीतरी म्हणालं, "गाडीचं सगळं बदललंत की हो." दादांनी आत जाऊन बुक आणलं, दिव्याखाली धरलं आणि शिक्क्यावर बोट ठेवलं. "बदललं नाही. चढवलंय." नोंद चढवणं हा त्यांचा शब्द. मी पुढे बावीस वर्षं ज्या कामावर पगार घेतला, ते एवढंच आहे.

कायद्यात आजही त्यासाठी दार आहे, ते कुणी उघडत नाही एवढंच. सीएनजी किट चढवता येतं. परवानगी घेऊन इंजिन बदलता येतं. अपंग माणसासाठी गाडी बदलून घेता येते. २०१९च्या दुरुस्तीनंतर तर कायद्याने अशा गाडीची व्याख्याच केली आहे. माझ्याकडे एकदा अशी फाइल आली होती. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर हाताच्या दांडीवर घेतलेले, आरसीत नोंद चोख. सर्व्हेअरने फोटो फार जवळून काढला होता. दांडीच्या मुठीवरचं रबर घासून तिथे बोटांचे चार खळगे पडले होते. तो फोटो मी फाइलला लावायच्या आधी बराच वेळ बघत होते. मॉडिफिकेशन हा शब्द उच्चारला की आता मला त्या मुठीची आठवण येते आणि भाच्याच्या चाकांचीही. कायद्याच्या दृष्टीने दोघं शेजारी, एक शिक्क्यासह, एक शिक्क्याशिवाय.

आमच्या चाळीत खोली दहा बाय पंधराची, पण खोलीत तुम्ही काय वाटेल ते करा. भिंत गुलाबी रंगवा, पोटमाळा काढा, मोरीचा कट्टा उंच करा. भांडणं व्हायची ती कॉमन गॅलरीवरून. पिंप ठेवलं तर चालायचं, पापड वाळत घातले तर चालायचं. एका काकांनी एका उन्हाळ्यात खाट टाकली आणि सहा महिने मजल्यावर बोलणं बंद झालं. का, तर रात्री संडासला जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या पायांना वळसा घालावा लागायचा. मला वाटतं गाडीचं नेमकं दुखणं हे आहे. ती तुमची खोली आहे, पण ती कायम गॅलरीत उभी असते. दादांनी छताला फुलांचं कापड लावलं, ते खोलीतलं. भाच्याची झडप उघडते तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या बाळंतिणीचं मूल उठतं, ती गॅलरीतली खाट.

आणि तरी पोराला मी पूर्ण दोष देऊ शकत नाही. चाळ गेली, टॉवर आला. सोसायटीचा नियम असा की खिडकीचं ग्रिल सगळ्यांचं एकाच डिझाइनचं, दाराबाहेर चपलांचं कपाट नको, बाल्कनीत दोरी नको. तो हॉलमध्ये सोफा-कम-बेडवर झोपतो. कपाटातले दोन कप्पे त्याचे. सत्तावीस वर्षांच्या माणसाला आतून कडी लावता येईल अशी एकच जागा या शहरात आहे आणि ती खाली रस्त्यावर वासरासारखी उभी आहे. तिला तो सजवणार नाही तर काय करणार?

गाडी स्वतःच्या हाताने घडवायची हौस आपल्याकडे किती खोल आहे, ते सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी दाखवलं. त्यांनी भंगारातले भाग जोडून छोटी जीप बनवली, किक मारून सुरू होणारी. २०२१च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण सोबत हेही लिहिलं की नियमात बसत नसल्याने आज ना उद्या अधिकारी ही गाडी थांबवतील, तेव्हा ती मला द्या आणि बदल्यात बोलेरो घ्या. पुढच्याच महिन्यात लोहार कुटुंब बोलेरोत बसलं. घरातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाचा मात्र म्हणाला, "मी नसती दिली." तेव्हा मला त्याचं बोलणं पोरकट वाटलं होतं. आता तितकं वाटत नाही.

माझा खरा राग दुसऱ्यांवर आहे. काळ्या काचा बघा. अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या एप्रिलमध्ये काचेवर फिल्म चिकटवायलाच मनाई केली. कारखान्यातून आलेल्या काचेतून पुढून-मागून ७० टक्के आणि बाजूने ५० टक्के उजेड जायला हवा, हा मूळ नियम. त्यानंतर काही दिवस नाक्यानाक्यावर नखाने फिल्म सोलणारे हवालदार दिसले. पुढे जाळीचे पडदे आले, आणि आता ज्यांच्या काचा सगळ्यात काळ्या, त्यांनाच सलाम जास्त मिळतात. नंबरप्लेटचंही तेच. ८०५५ इंग्रजी आकड्यांत असा काही लिहायचा की 'बॉस' वाचलं जावं, २१४चा 'राम' करायचा. जीपला पुढे लोखंडी गार्ड लावायचं, ज्यावर केंद्राने २०१७च्या डिसेंबरातच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. धडकेत चुरगळून आतल्या माणसाला वाचवायचं हे पुढच्या पत्र्याचं काम. गार्ड ते काम करू देत नाही आणि समोरच्या पादचाऱ्याचं काय होतं ते पंचनाम्यात असतं. हे गार्डवाले माझ्या भाच्यासारखे चोरून फिरत नाहीत. दिवसाढवळ्या, झेंडा लावून.

आणि आवाज. कोस्टल रोड सुरू झाल्यापासून रात्री तिथे काय चालतं ते ब्रीच कँडीच्या लोकांना विचारा. दोन किलोमीटरचा जुळा बोगदा, त्यात वेगमर्यादा ताशी ६०. पण बोगद्यात सायलेन्सर मोकळा सोडला की आवाज भिंतींवरून परत येतो, आणि तेवढ्यासाठी मुलं खारघर-पनवेलहून येतात. पोलीस मध्येच जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात, फोटो छापून येतो. तो फोटो मला आवडतो, हे कबूल करते. भाच्याबरोबर एकदा रात्री वरळी सी फेसला अशा मुलांच्या घोळक्यात गेले होते. बॉनेट उघडी, मोबाइलचे टॉर्च, भेळेच्या पुड्या. एका मुलाने गाडी रेज केली तर मागून टर्बोसारखी शीळ आली. सगळे गप्प. मग भाच्याने वाकून सायलेन्सरच्या तोंडात बघितलं आणि मला हळूच सांगितलं, "टर्बो नाही गं. शिट्टी लावलीये." कुकरच्या झाकणाला असते, जवळपास तशीच.

२०२३च्या ऑक्टोबरात सिटीला वीस वर्षं पूर्ण होणार होती. पंधरा वर्षांनंतर एकदा पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून झालेली होती, आता दुसऱ्यांदा वाढवायची. त्यासाठी गाडी आरटीओच्या इन्स्पेक्टरपुढे उभी करावी लागते आणि त्याला झडप दाखवून भागत नाही. गाडी पुन्हा स्टॉक, म्हणजे कंपनीतून निघाली तशी करायला हवी. मूळ स्प्रिंगा तर कापलेल्या, मूळ सायलेन्सर भंगारात गेलेला. रविवारी सकाळी तो माझ्याकडे आला. "कुर्ल्याला येतेस? तुला बघून ओरिजिनल ओळखता येतं."

कुर्ला-कलिन्याचा सीएसटी रोड मी कागदांवर हजारदा वाचलेला, प्रत्यक्ष पहिल्यांदा बघितला. दुकानांवर छतापासून सायलेन्सर टांगलेले, दिवाळीला माहीमला कंदील टांगतात तसे. दारांचे ढीग, डाव्यांचा वेगळा, उजव्यांचा वेगळा. हेडलाइट डोळे मिटून रांगेत. जमिनीवर काळं तेल इतकं मुरलेलं की चपलेला चिकटत नाही, चपलच त्याला चिकटते. आम्ही सिटीच्या स्प्रिंगा मागितल्या तर मालकाने आमच्याकडे न बघताच विचारलं, "पासिंग है क्या?" भाचा ओशाळला. "सबको पासिंग के टाइम ही स्टॉक याद आता है," असं म्हणत त्याने आतल्या पोराला हाक मारली.

स्प्रिंगा आल्या. मी पिशवीतून चष्मा काढला. रंगाचे ठिपके बघितले, वेढे मोजले, टोकं कापलेली नाहीत ना यावरून बोट फिरवलं. तिसऱ्या स्प्रिंगचं टोक ग्राइंडरने घासून गोल केलेलं होतं. "ही कापलेली आहे," मी म्हटलं. मालकाने पहिल्यांदा मान वर करून नीट बघितलं. मग दुसरी आणून दिली आणि भाच्याला विचारलं, "मॅडम आरटीओ में है?" भाचा छाती फुगवून म्हणाला, "मौसी है." त्या दिवशी भावात सातशे रुपये कमी झाले ते त्या एका शब्दावर.

पुढचे दोन रविवार गाडी गॅरेजात. कॅम्बरचे भाग, रुंद चाकं आणि झडपेचा सायलेन्सर निघाले ते बहिणीच्या पलंगाखाली, गणपतीच्या मखराच्या थर्माकोलशेजारी, जुन्या चादरीत गुंडाळून. पासिंगच्या आदल्या रात्री त्याला चेसिस नंबरचा छाप हवा होता. बॉनेट उघडून मी आत कागद धरला आणि त्याने पेन्सिल आडवी घासली. काजळी कागदावर हळूहळू अक्षरं उमटली. एक आकडा पुसट आला, म्हणून पुन्हा घासली. त्या गाडीत चार मालकांनी आणि त्याने मिळून जे जे बदललं होतं, त्याच्या खाली ते आकडे तसेच होते. दादांच्या बुकातले आकडेही मला पाठ होते, लहानपणी मी ते पाढ्यांसारखे म्हणायचे.

गाडी पास झाली. इन्स्पेक्टरने तिच्याभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं, दिवे लावायला सांगितले, आणि म्हणे हसून म्हणाला, "एवढी जुनी असून कंपनी फिटिंगमध्ये ठेवलीत, छान." हे सांगताना भाच्याचा चेहरा बघण्यासारखा होता. त्याच दिवसांत पेपरात बातमी होती की मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद होणार. टॅक्सीला इथे वीस वर्षांची मर्यादा, आणि शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवला नोंदलेली. म्हणजे भाच्याच्या गाडीच्या बरोबरीची. एकीला आणखी पाच वर्षं मिळाली, एकीला नाही. मी ते कात्रण कापून ठेवलं. कशासाठी, माहीत नाही. दादांचं बुक ज्या पिशवीत आहे, त्या पिशवीत टाकलं.

दिवाळीला आम्ही सगळे त्या गाडीतून आत्याला घ्यायला गेलो. गाडी उंच होती, चाकं सरळ होती, सायलेन्सर असा की इंजिन चालू आहे का बंद ते कळेना. भाचा गप्प होता, केस कापून आणलेल्या मुलासारखा. येताना आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर आला. आत्याने सवयीने दाराच्या कडीला हात घातला.

"बस गं, आता उतरायला नको," बहीण म्हणाली.

गाडीच्या पोटाखाली आता भरपूर जागा होती, सरळ गेली असती तरी काही लागलं नसतं. भाच्याने वेग कमी केला, स्टिअरिंग उजवीकडे वळवलं, आधी डावं चाक चढवलं, मग उजवं. मागे एका बाइकवाल्याने हॉर्न मारला. खालून काहीच आवाज आला नाही, तरी त्याने मान किंचित वाकडी करून कानोसा घेतला.